खिल्लारे सरांची तीन पाकिटं

भाऊराव खिल्लारे यांनी बत्तीस वर्षं परदेशी चलन विकणाऱ्या पेढीत काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत ते स्वतः एकदाही परदेशात गेले नाहीत. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. लोकांनाही वाटत नव्हतं, कारण लोकांनी कधी विचारलंच नाही. काउंटरच्या काचेपलीकडचा माणूस जग फिरून आलेला असणार, असं बहुतेक सगळे धरून चालत.

अंधेरी पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ती पेढी होती. एक्क्याण्णव साली भाऊराव तिथे शिपाई म्हणून लागले. वडील परभणीकडून विमानतळाच्या बांधकामावर आले आणि तिथून जवळच, वाकोल्यात राहिले. मुलगा बारावी होऊन काही वर्षं बारीकसारीक कामं करत होता, तेव्हा ओळखीच्या कुणीतरी इथे चिकटवून दिलं. फाइली नेता-आणता भाऊरावांना नोटा कळायला लागल्या. मार्क, फ्रँक, शून्यांची रांग लागलेला लिरा. बोटाने चाचपून खरी-खोटी सांगायचे. सहा वर्षांत शेठनी त्यांना काउंटरवर बसवलं आणि त्या दिवसापासून ते खिल्लारे सर झाले.

काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा. रोख किती नेऊ?

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या बाया विचारायच्या, बँकॉकला निघालेली नवी जोडपी विचारायची. अलीकडे जहाजाच्या सहली सुरू झाल्यावर तर हा प्रश्न फारच वाढला, कारण जहाज एक आणि देश तीन. कुठल्या देशाचे किती? भाऊराव आधी उलट विचारायचे, "भीती कसली वाटते?" माणूस जरा चाचरायचा, मग सांगायचा. कुणाला आजारपणाची भीती, कुणाला चोराची, कुणाला नुसतीच लाज वाटायची, की हॉटेलात पैसे कमी पडले तर. ते ऐकून घेऊन भाऊराव सांगत, "जहाजावर खिशात हात घालायचा नाही. तिथे सगळं खोलीच्या कार्डावर चढतं आणि शेवटच्या दिवशी बिल येतं. रोख लागते ती जमिनीवर उतरल्यावर. म्हणून जितकी बंदरं तितकी पाकिटं करा. प्रत्येकात तिथल्याच नोटा, एका दिवसाचं जेवण, जायची-यायची टॅक्सी आणि थोडी खरेदी. मोठी नोट नको. आणि शंभर अमेरिकन डॉलर वेगळे, ते मोडायचे नाहीत." लोक हायसं वाटून जात. परत आल्यावर काहीजण पेढे किंवा चॉकलेटं आणून देत.

दोन हजार तेवीस साली भाऊराव निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांची मुलगी दर्शना, जी मरोळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत होती, एका संध्याकाळी घरी आली आणि तिने जेवणाच्या ताटाशेजारी एक लिफाफा ठेवला.

"पप्पा, सिंगापूरहून जहाज. चार रात्री. पिनांग, फुकेट आणि परत सिंगापूर. तुम्ही आणि आई."

शकुंतलाबाईंनी, म्हणजे शकुने, भाकरी तव्यावरच राहू दिली आणि लिफाफा आधी हातात घेतला. भाऊरावांनी विचारलं, "परत करता येतं का?"

"येत नाही. म्हणूनच आधी सांगितलं नाही."

शकु खूश होती. पिनांगला निजलेल्या बुद्धाची भली मोठी मूर्ती आहे, हे तिने विहारातल्या कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. तिने दुसऱ्याच दिवशी शेजारच्या द्रौपदीबाईंना सांगितलं, आणि द्रौपदीबाईंनी संध्याकाळपर्यंत बाकीच्या गल्लीला. भाऊरावांना मात्र झोप लागेना. त्यांनी एक जुनी वही काढली आणि बेरजा मांडायला सुरुवात केली. सिंगापूरला एक मुक्काम, पिनांगला एक दिवस, फुकेटला एक दिवस. पहिल्या रात्री आकडा आला तो ठीक होता. दुसऱ्या रात्री त्यांनी त्यात आजारपण घातलं. तिसऱ्या रात्री शकुचा पाय मुरगळला तर, हे घातलं. चौथ्या दिवशी सकाळी शकुने चहा देताना वहीत डोकावून पाहिलं.

"अहो, हे दोन हजार डॉलर कशाला?"

"असू दे जवळ."

"आपण चार दिवस चाललोय की तिथे खोली घ्यायला?"

भाऊरावांनी वही मिटली. ते पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेढीकडे निघाले.

पेढी आता लहान झाली होती. लोक कार्डं वापरायला लागल्यापासून दोन काउंटरांचं एक झालं होतं, आणि त्यावर नेत्रा बसायची. मूळची खारदांड्याची, मासळीच्या धंद्यातल्या घरातली पोरगी. सात वर्षांपूर्वी ती नोकरीला आली तेव्हा भाऊरावांनीच तिला नोटा शिकवल्या होत्या. तिने काचेतून पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"बसा ना सर. चहा सांगते."

"चहा नंतर. मी रांगेत आहे," भाऊराव म्हणाले. रांगेत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यांनी कागद सरकवले. नेत्राने तारखा बघितल्या, हसली, मग त्यांचा आकडा वाचून हसायची थांबली.

"सर, दोन माणसं, चार रात्री, जेवणखाण जहाजावर. एवढं?"

"नियमात बसतं."

"नियमात तर बसतंच." तिने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. "भीती कसली वाटते, सर?"

भाऊरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सव्वीस वर्षं त्यांनी हा प्रश्न काचेच्या त्या बाजूने विचारला होता. या बाजूला तो कसा ऐकू येतो ते त्यांना माहीत नव्हतं. पिशवीची घडी करत ते म्हणाले, "आम्ही खाली उतरलो, रस्ता चुकलो आणि जहाज सुटलं तर?"

"तर पासपोर्ट लागेल आणि कार्ड लागेल. नोटांचं पुडकं घेऊन जहाजामागे पोहत जाणार आहात का?"

"तसं नाही गं. पण भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत. खिशात असलं तर बरं वाटतं."

"मग बरं वाटण्यापुरते शंभर डॉलर देते. बाकी तीन पाकिटं करते. तुम्हीच शिकवलंय."

तिने सिंगापूरचे दोनशे डॉलर दिले, थायलंडचे अडीच हजार बाथ दिले. मलेशियाचे दीडशे रिंगिट देताना ती ड्रॉवरमध्ये बराच वेळ शोधत राहिली. पन्नासच्या दोन नोटा, दहाच्या चार, आणि एकेकाच्या दहा. "ह्या एकेकाच्या कुणी नेत नाही म्हणून पडून होत्या. तुम्ही घेऊन जा." शेवटी तिने पावती दिली आणि चहाही पाजला. भाऊराव जिना उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच चाललोय.

सिंगापूरच्या बंदरावर जहाज बघताना दोघांच्याही माना वर गेल्या. वाकोल्यातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा ते उंच होतं आणि आत लिफ्ट होत्या. खोली लहानशी, पण गोल खिडकीतून पाणी दिसायचं. शकुने आधी बाथरूममध्ये दोरी बांधता येते का ते पाहिलं, मग पलंगावर बसून दोनदा उड्या मारल्या. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांना घाटकोपरचा निमेश भेटला. नळांचं दुकान होतं त्याचं, पंतनगरला. सोबत आई, जयाबेन. निमेश शाळा मराठीतून शिकलेला, त्यामुळे गप्पा लगेच जमल्या.

"काका, कॅश कोण नेतं आता?" निमेश म्हणाला. "मोबाइल दाखवायचा, टॅक्सी येते. आणि अगदीच लागली तर ही आहे." त्याने पाकीट उघडून दाखवलं. अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटा होत्या, नव्याकोऱ्या. "डॉलर सगळीकडे चालतो."

"चालतो," भाऊराव म्हणाले, "पण त्याचे सुट्टे कोण देणार?"

निमेश हसला आणि त्याने जयाबेनना आणखी आइस्क्रीम आणून दिलं.

पिनांगला जहाज सकाळी लागलं. साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत यायचं, असं दारातच लिहिलेलं होतं. भाऊरावांनी तो आकडा हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतला. बंदरापासून ते दोघं चालत निघाले. जुनी कौलारू दुकानं, भिंतींवर काढलेली चित्रं, आणि मग अचानक तमीळ गाणी, फुलांचे गजरे आणि केळीच्या पानावरचा भात. दोघं पोटभर जेवले. पन्नासची एक नोट मोडली. जे परत आलं त्यातून शकुने दर्शनासाठी एक कागदी पंखा आणि द्रौपदीबाईंसाठी एक डबी घेतली आणि ती मोड तिथेच संपली. मग वीस रिंगिट ठरवून टॅक्सी केली आणि ते विहारात पोचले.

आत शिरल्यावर शकु थांबलीच. मूर्ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका नजरेत मावत नव्हती. अंगावर सोनेरी चीवर, उजव्या हातावर टेकलेलं डोकं, आणि चेहऱ्यावर अगदी घरच्यासारखी शांत झोप. शकुने चपला काढल्या होत्या, पदर डोक्यावर घेतला, गुडघे टेकले आणि हात जोडून हळू आवाजात त्रिसरण म्हणायला लागली. भाऊरावही बसले. दुसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की शेजारून तिसरा आवाज येतोय. एक म्हातारी बाई होती, तिकडचीच, फुलाफुलांचा सदरा घातलेली. तिचे उच्चार थोडे वेगळे, चाल जरा संथ, पण शब्द तेच. शकुने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि आपली चाल संथ केली. दोघी शेवटपर्यंत एकत्र गेल्या. पंचशील झाल्यावर म्हातारी हसली, शकुचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बरंच बोलली. शकुही बरंच बोलली, मराठीत. कुणाला काही कळलं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही.

दानपेटीपाशी भाऊरावांनी दहाची नोट टाकली. शकुने त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं, पन्नासची नोट काढली आणि आत टाकली.

"अगं, आता टॅक्सीपुरतेच उरले."

"इतक्या लांब आलो. रोज येणार आहोत का?" असं म्हणून ती कमळाच्या आकाराच्या मेणबत्त्या ठेवल्या होत्या तिथे गेली आणि उरलेली दहाची नोट देऊन एक घेतली. तिने ती पेटवली, आणि भाऊरावांनी तिच्या चेहऱ्याकडे बघत पाकीट परत घेतलं.

पाकिटात आता फक्त एकेकाच्या दहा नोटा राहिल्या. टॅक्सीला वीस लागत होते. शंभर डॉलर होते, पण ते मोडायचे नव्हते. भाऊरावांनी तळवा बघितला, मग घड्याळ. पावणेचार झाले होते.

बाहेर फाटकापाशी निमेश एका टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत उभा होता. जयाबेन पायरीवर बसल्या होत्या, उन्हाने लाल झालेल्या. भाऊरावांना बघून निमेशचा चेहरा पडला.

"काका, माझी वाट लागली. आईने घाटकोपरला व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना मूर्ती दाखवली. मावशीला दाखवली, मामीला दाखवली, वाण्यालासुद्धा. पॅक संपलं. आता गाडी बोलवता येत नाही. आणि हा म्हणतो शंभर डॉलर द्या, सुट्टे नाहीत. पाच डॉलरचं भाडं. साडेआठ हजार रुपये देऊ का याला?"

"देऊ नकोस," भाऊराव म्हणाले. त्यांचा आवाज काउंटरवरचा झाला होता, ते त्यांना स्वतःलाही जाणवलं. "वहिनींना पाणी पाज. आपण बसने जाऊ."

"बस कुठून सुटते, कुठे जाते, काय माहीत?"

भाऊरावांनाही माहीत नव्हतं. पण शकु तोवर पुन्हा आत गेली होती आणि त्या म्हातारीला घेऊन बाहेर आली होती. शकुने हाताने मोठ्ठं जहाज दाखवलं, तोंडाने भोंगा वाजवला. म्हातारीने मान डोलावली, त्यांना घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत आली, थांबा दाखवला आणि बस येईपर्यंत त्यांच्यासोबत उभी राहिली. बस आली तेव्हा तिने चालवणाऱ्या बाईला काहीतरी सांगितलं. बहुधा या चौघांना बंदरावर उतरव, असंच असणार.

चालकबाईने पेटीकडे बोट केलं. माणशी दीड रिंगिटच्या आत भाडं होतं, पण सुट्टे परत मिळत नव्हते. जे टाकाल ते गेलं. निमेशने सवयीने पाकीट काढलं आणि परत ठेवलं. भाऊरावांनी एकेक करून सहा नोटा पेटीत टाकल्या. कुणी नेत नाही म्हणून ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या त्या नोटा सुळकन आत गेल्या. बस गार होती. जयाबेनना खिडकी मिळाली, आणि दोन थांब्यांत त्यांचा रंग परत आला.

"भाई, तमे तो बचावी लीधा," त्या म्हणाल्या, आणि मग मराठीत, "वाचवलंत तुम्ही. हा माझा मुलगा करोडोचे नळ विकतो, आणि बसचे पैसे नाहीत."

निमेश खिडकीबाहेर बघत राहिला, पण हसत होता. बंदराजवळ उतरून उरलेल्या चार रिंगिटमधून पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. जहाजावर चढले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या संध्याकाळी निमेशने ही गोष्ट साऱ्या डेकला सांगितली, आणि प्रत्येक वेळी टॅक्सीवाल्याने मागितलेले डॉलर वाढत गेले. आठच्या सुमाराला भाऊरावांच्या टेबलाभोवती सात-आठ माणसं जमली. सगळी मुंबईचीच. उद्या फुकेटला किती न्यायचे? बोटवाले कार्ड घेतात का? मसाजवाले? दोघांनी तर डॉलर पुढे करून बाथ मागितले.

"बदलून देणार नाही," भाऊराव म्हणाले. "ते परवान्याचं काम आहे. सल्ला मात्र फुकट." आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आधी सांगा, भीती कसली वाटते?"

मुलुंडच्या अनुपमा नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारलं, "काका, तुम्ही एवढं फिरलात तरी कुठे कुठे?"

शकु बाजूला बसून पपई खात होती; तिने वर पाहिलं.

"सिंगापूर, पिनांग," भाऊराव म्हणाले. "उद्या फुकेट."

अनुपमाबाईंनी तेही लिहून घेतलं. शकुला हसू आवरेना आणि पपईचा तुकडा साडीवर पडला.

फुकेटला त्यांनी पाकीट उघडून किती उरले ते एकदाच बघितलं, जेवणाच्या वेळी. बाकी दिवस किनाऱ्यावर गेला. शकु साडी पोटऱ्यांपर्यंत धरून पाण्यात उभी राहिली आणि तिने भाऊरावांनाही ओढलं. त्यांच्या पँटचे पाय भिजले, ते परत जहाजावर येईपर्यंत वाळले नाहीत. शहाळी प्यायली, आंब्याबरोबरचा गोड भात खाल्ला. तो शकुला अजिबात आवडला नाही आणि भाऊरावांनी दोघांचा खाल्ला.

सिंगापूरहून रात्रीचं विमान होतं. पहाटे ते सहार विमानतळावर उतरले. दर्शना येणार होती, पण तिला कामावरून फोन आला आणि तिने कळवलं की रिक्षाने या, घर तर पंधरा मिनिटांवर आहे. वाकोल्याचं नाव ऐकून तीन रिक्षावाल्यांनी माना फिरवल्या. चौथ्याने दोन बॅगा, एक पंखा आणि सिंगापूरला घेतलेल्या चॉकलेटांचं पुठ्ठ्याचं एक खोकं पाहून सुस्कारा सोडला आणि बसा म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. भाऊरावांनी खिसा चाचपला. पहिल्या पाकिटात सिंगापूरची दोनची एक नोट होती. दुसरं रिकामं. तिसऱ्यात वीस बाथ. वरच्या खिशात शंभर डॉलर, घडीही न मोडलेले. फोन मघाशीच बंद पडला होता. त्यांनी पुन्हा सगळे खिसे चाचपले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"शकु," ते हळूच म्हणाले, "आपल्याकडे रुपये नाहीत."

शकुने बटव्याच्या आतल्या कप्प्यातून चौघडी केलेली दोनशेची नोट काढली आणि रिक्षावाल्याच्या हातात दिली.

"ही कुठून आली?"

"निघताना ठेवली होती." ती पदर सावरत खाली उतरली. "परत यायचं होतं ना आपल्याला."

वहीत त्यांनी सिंगापूर मांडलं होतं, पिनांग मांडलं होतं, फुकेट मांडलं होतं, मुरगळलेला पायसुद्धा मांडला होता. भाऊराव बॅगा उतरवायला लागले. रिक्षावाल्याने सुट्टे मोजून शकुच्या हातावर ठेवले. समोरून द्रौपदीबाई दुधाची पिशवी घेऊन येत होत्या, त्या लांबूनच "जय भीम" म्हणाल्या आणि खोक्यात काय आहे ते विचारत जवळ आल्या.